इटलीहून आणायच्या स्कूटरचे पुण्यातले पासिंग: पैसे गुंतवण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले थोरले बंधू चार वर्षे नोकरीनिमित्त मिलानमध्ये राहून आता कायमचे पुण्याला परत येत आहेत. त्यांनी तिथे कोरी घेतलेली व्हेस्पा जीटीएस ३०० आता दोन वर्षांची झाली आहे. ती इथे आणून तिला एमएच १२ चा क्रमांक मिळेल का, खर्च किती येईल, आणि ‘स्कूटर सुटी करून स्पेअर पार्ट म्हणून आणू, पासिंगचे मी बघतो’ असे सांगणाऱ्या एजंटचे ऐकावे का, हे आपल्याला विचारायचे आहे. शिवाय बंधूंच्या घरमालकाकडे १९६८ सालची, चालू स्थितीतली लॅम्ब्रेटा विकाऊ आहे आणि त्यापेक्षा ती आणणे सोपे पडेल का, अशीही आपली शंका आहे.

आयात वाहनांच्या कागदपत्रांचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, म्हणून आधी निष्कर्ष सांगतो आणि मग कारणांकडे वळतो. एजंटचा मार्ग पूर्णपणे बेकायदा आहे आणि त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. व्हेस्पा आणता येण्याची वाट आहे, पण ती अरुंद आहे, तिला मुदत आहे आणि ती महाग आहे. लॅम्ब्रेटाची वाट कागदावर अधिक मोकळी आहे, मात्र त्या स्कूटरवर बसून रोज कामाला जाता येणार नाही. परदेशी स्कूटर आरटीओत अडकते असे सर्वसाधारणपणे मानले जाते, कारण नकार तिथे ऐकायला मिळतो. माझ्या अनुभवात तो नकार बहुतेक वेळा स्कूटर जहाजावर चढण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो, आणि म्हणूनच हे उत्तर वाचून होईपर्यंत बंधूंनी मालवाहतूक कंपनीशी कोणताही करार करू नये, ही माझी पहिली विनंती आहे.

एजंटच्या सूचनेबद्दल आधी स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण अशा सूचना पुण्यात सर्रास दिल्या जातात. पूर्ण स्कूटर सुटी करून ‘स्पेअर पार्ट’ म्हणून जाहीर करणे हे सीमाशुल्क कायद्याखाली चुकीचे घोषणापत्र देणे आहे. त्या मालाची जप्ती होऊ शकते, आणि शुल्क व दंड वेगळा भरावा लागतो. पण खरा धोका त्याच्या पुढच्या पायरीत आहे. सुट्या भागांतून जोडलेल्या स्कूटरला स्वतःचे असे कोणतेही आयातपत्र नसते, त्यामुळे ‘पासिंगचे मी बघतो’ याचा अर्थ प्रत्यक्षात एवढाच उरतो, की भंगारात गेलेल्या एखाद्या देशी स्कूटरची आरसी घ्यायची आणि तिचा चासी क्रमांक या चासीवर ठोकायचा, किंवा दुसऱ्या राज्यात बनावट कागदांवर नोंदणी करून तिथली एनओसी महाराष्ट्रात आणायची. पहिल्या प्रकारात चासी क्रमांकाशी छेडछाड आणि फसवणूक हे थेट फौजदारी गुन्हे होतात. दुसऱ्या प्रकाराचे काय होते ते २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात दिसले. भूतानमार्गे देशात आणून इतर राज्यांतल्या नोंदणीवर चालवलेल्या महागड्या गाड्या सीमाशुल्क विभागाने तिथे जप्त केल्या. त्या गाड्यांना क्रमांक होते, कागद होते, आणि त्या उघडपणे रस्त्यावर फिरतही होत्या. आरसी हातात असणे हा सीमाशुल्क भरल्याचा पुरावा नाही, आणि नोंदणी होऊन काही वर्षे लोटली म्हणून चोरट्या आयातीचा दोष नाहीसा होत नाही. अशी स्कूटर आज ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या ताब्यातून ती जाते.

नोंदणीच न करता ‘अधूनमधून’ चालवण्याचा विचारही काही जण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, कलम १९२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते, आणि कलम २०७ प्रमाणे वाहन अडकवून ठेवता येते. दंडाची रक्कम लोकांना फार वाटत नाही. पण अशा स्कूटरला वैध विमा मिळत नाही, आणि तिच्यामुळे कुणी जखमी झाले किंवा दगावले, तर भरपाईचा सगळा भार चालवणाऱ्यावर आणि मालकावर पडतो. माझ्या मते एवढे एक कारण हा विचार सोडून देण्यास पुरेसे आहे.

आता मूळ मुद्दा. परत येणाऱ्या व्यक्तीचे घरसामान जसे ‘बॅगेज’ म्हणून येते, तशी स्कूटरही येईल असा एक समज आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये बॅगेजची जी व्याख्या आहे तिच्यातून मोटार वाहने स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत. म्हणजे बंधूंच्या फ्रिजला आणि पलंगाला वास्तव्य-बदलाची जी शुल्कसवलत मिळेल, ती स्कूटरला मिळणार नाही. स्कूटरसाठी स्वतंत्र बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क विभागाला द्यायचे घोषणापत्र, भरावे लागेल, पूर्ण शुल्क द्यावे लागेल, आणि परकीय व्यापार धोरणातल्या, वाहनांविषयीच्या ८७ व्या प्रकरणाच्या अटी पाळाव्या लागतील. नोंदणीचा अर्ज आपण आरटीओत कराल, पण तो मंजूर होण्याजोगा आहे की नाही हे बऱ्याच अंशी या ८७ व्या प्रकरणाच्या अटींवर ठरते.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे रस्त्यावर आयात केलेल्या दुचाकी दिसतात, मग आपलीच का अडेल, असे विचारले जाते. व्हेस्पा ९४६ ही स्कूटर २०१६ मध्ये आणि बीएमडब्ल्यूची सी ४०० जीटी २०२१ मध्ये भारतात पूर्ण बनलेल्या स्वरूपात आयात करून विकायला आली. त्या स्कूटर कंपन्यांनी किंवा कंपन्यांच्या अधिकृत विक्रेत्यांनी आणलेल्या होत्या, त्यांची मान्यता आणि नमुना २१ व २२ (विक्रीचा आणि रस्त्यावर चालण्यायोग्यतेचा दाखला) हे सगळे कंपनीकडून येते, आणि ग्राहकाचे पासिंग देशी स्कूटरसारखेच होते. पूर्वी ८०० सीसी व त्याहून मोठ्या मोटारसायकलींना चाचणीबाबत काही सवलत मिळाली होती. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके पाळणारी वाहने मर्यादित संख्येत इथल्या चाचणीविना आणण्याची मुभा आली, तीही उत्पादकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. एक व्यक्ती स्वतःसाठी एक लहान इंजिनची स्कूटर आणते, तेव्हा यांतली कोणतीही सोय तिच्या कामी येत नाही.

बंधूंची व्हेस्पा कायद्याच्या दृष्टीने ‘वापरलेले वाहन’ आहे. नव्या वाहनाची पहिली अटच अशी आहे, की ते आयातीपूर्वी विकलेले, भाड्याने दिलेले किंवा कोणत्याही देशात नोंदवलेले नसावे. इटलीत ती नोंदली गेली त्या दिवशीच ती त्या वर्गातून बाहेर पडली. वापरलेल्या वाहनासाठी मुख्य अट वयाची आहे: ते उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुने नसावे. या वाक्यातला ‘उत्पादनाच्या तारखेपासून’ हा भाग लोक वाचताना सोडून देतात आणि नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. स्कूटर दोन वर्षांपूर्वी विकत घेतली असली, तरी ती दुकानात पडून असल्यास कारखान्यातून त्याच्या आठ-दहा महिने आधी निघालेली असू शकते. मग इटलीत नोंदणी रद्द करणे, तपासणी, जहाजाची वाट आणि समुद्रप्रवास यांत आणखी काही महिने जातात, आणि बंदरावर उतरेपर्यंत तीन वर्षे उलटलेली असतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या चासी क्रमांकातून उत्पादनाचे वर्ष खात्रीने कळतेच असे नाही, त्यामुळे उत्पादनाचा महिना व वर्ष नमूद असलेले निर्मात्याचे पत्र बंधूंनी आजच मागवावे. ते पत्र हातात येईपर्यंत पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही.

वयाची अट पार झाली की वाहनाच्या अंगच्या अटी येतात. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची अट दुचाकीला लागू होत नाही. वेगमापक किलोमीटरमध्ये असावा ही अट इटलीच्या स्कूटरला आपोआप पूर्ण होते. अमेरिकेतून आणलेल्या स्कूटरला ती अडचणीची ठरते. मात्र ‘हेडलॅम्पचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा’ या अटीकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांत खालच्या झोताचा उजवा भाग थोडा वर उचललेला असू शकतो, म्हणजे रस्त्याची कड आणि पादचारी लांबून दिसतात. तोच दिवा आपल्या रस्त्यावर आला की उचललेला भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्री खंडाळ्याच्या किंवा कात्रजच्या घाटात समोरच्या दुचाकीस्वाराला क्षणभर काही न दिसणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. युरोपीय मान्यतेच्या दिव्याच्या काचेवर एका वर्तुळात ‘ई’ हे अक्षर व आकडा असतो. असमान झोताच्या दिव्यावर त्याच्याजवळ बाणाची खूण शोधावी: दोन्ही टोकांचा बाण असेल तर दिवा दोन्ही पद्धतींना चालतो, एकाच दिशेचा बाण असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे, आणि बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा आहे. बऱ्याच दुचाकींचा झोत दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि त्यांना ही अडचण येत नाही. तरीही बंधूंनी काचेचा जवळून फोटो काढून पाठवावा. दिवा बदलावा लागणार असेल तर इंग्लंड किंवा जपान या डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला त्याच मॉडेलचा मूळ दिवा घ्यावा. बाजारातला कोणताही एलईडी दिवा बसवून तपासणीला जाऊ नये.

याशिवाय वाहन जहाजावर चढण्यापूर्वी तिथल्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा दाखला घ्यावा लागतो, आणि आयातीनंतर किमान पाच वर्षे ते रस्त्यावर चालण्याजोगे राहील व त्याला देखभालीची सोय मिळेल, याची हमी द्यावी लागते. बारामतीला पियाजिओचा कारखाना आहे आणि व्हेस्पा पुण्यात सगळीकडे दिसते, म्हणून या हमीची काळजी नाही असे आपल्याला वाटेल. बारामतीत तयार होणाऱ्या व्हेस्पा १२५ आणि १५० सीसीच्या वर्गातल्या आहेत. जीटीएसचे २७८ सीसीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन पूर्णपणे वेगळे आहे. तिचे सुटे भाग बाहेरूनच मागवावे लागतील, हे गृहीत धरून चालावे.

वास्तव्य-बदलाचा उल्लेख मी वर शुल्काच्या संदर्भात केला. आयात धोरणात मात्र सलग दोन वर्षे परदेशात राहून कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्या व्यक्तीला एक वाहन आणण्याची तरतूद आहे, आणि अशा वाहनावर दोन वर्षे न विकण्याचे बंधन असते. बंधू त्या वर्णनात बसतात. त्यामुळे माझा सल्ला असा, की पासपोर्टवरील नोंदी, इटलीतला वास्तव्याचा परवाना, नोकरीचे पत्र आणि स्कूटरची बंधूंच्या नावावरची कागदपत्रे जोडून परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या पुण्यातल्या प्रादेशिक कार्यालयाला एक लेखी अर्ज द्यावा. या स्कूटरला कोणत्या अटी लागू होतात आणि परवाना लागतो का, एवढेच त्यात विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. बंदरावर अडचण आली तर लेखी उत्तरच कामाला येते.

आता पैशांचे गणित. वापरलेल्या वाहनाचे मूल्य सीमाशुल्क विभाग आपल्या खरेदीच्या पावतीवरून किंवा ‘भावाने भेट दिली’ या कारणावरून ठरवत नाही. त्या मॉडेलची नवी असतानाची किंमत घेऊन तिच्यातून घसारा वजा केला जातो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी २.५ टक्के, त्यानंतर २ टक्के, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त ७० टक्के. नवी किंमत ७,००० युरो धरली, तर दोन वर्षांचा घसारा १६ अधिक १२ म्हणजे २८ टक्के होतो आणि मूल्य ५,०४० युरो उरते. त्यात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवून जी रक्कम येते तिच्यावर शुल्क लागते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या पूर्ण बनलेल्या नव्या दुचाकींवरील मूळ शुल्क ५० वरून ४० टक्क्यांवर आले, ही बातमी वाचून बरेच जण उत्साहित झाले. तो दर नव्या दुचाकीचा आहे. वापरलेल्या दुचाकीला चढा दर लागतो, त्यावर जीएसटी बसतो, आणि सगळे मिळून शुल्क स्कूटरच्या मूल्याइतके किंवा त्याहून जास्त होते. जीएसटीत मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा दर २८ वरून १८ टक्के झाला आहे, तर त्याहून मोठ्यांवर तो ४० टक्के आहे, आणि आपली स्कूटर २७८ सीसीची आहे. तरीही वर दिलेल्या उदाहरणात ती पुण्यात पोहोचेपर्यंत तिच्या इटलीतल्या नव्या किमतीच्या बऱ्याच पुढे खर्च गेलेला असेल, आणि राज्याचा कर त्यानंतरचा आहे.

वापरलेले वाहन मुंबई बंदरातूनच सोडवता येते. नव्या वाहनांसाठी परवानगी असलेल्या ठिकाणांत तळेगावचा कंटेनर डेपोही आहे, म्हणून पुण्यातले काही जण सामान तिकडे पाठवायला सांगतात. आपल्या स्कूटरबाबत तसे करू नये. कस्टम्स ब्रोकर, म्हणजे सीमाशुल्कातून माल सोडवून देणारा अधिकृत दलाल, असा निवडावा, की ज्याने वाहनाची बिल ऑफ एंट्री पूर्वी भरलेली आहे. केवळ घरसामान सोडवणाऱ्याकडे हे काम देऊ नये. बिल ऑफ एंट्रीवर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, इंजिनची क्षमता आणि मॉडेलचे पूर्ण नाव अक्षरशः स्कूटरवर आहे तसे यायला हवे. एका अक्षराची चूक झाली तर दुरुस्ती बंदरावरच करून घ्यावी, कारण आरटीओतला निरीक्षक चासीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक समोरासमोर ठेवून पाहतो आणि तिथे ‘टायपिंगची चूक’ हे उत्तर चालत नाही. सुटका झाल्यावर स्कूटर चालवत घाट चढवण्याचा मोह टाळावा. ती टेम्पोत घालूनच पुण्यात आणावी.

पुण्यात राहण्याचा एक मोठा फायदा इथे मिळतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली ज्या संस्था वाहनांची चाचणी घेतात, त्यांतली एआरएआय ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. अहिल्यानगरची व्हीआरडीई ही दुसरी संस्था फार लांब नाही. आयात केलेले वापरलेले वाहन अशा संस्थेकडे देऊन ते मोटार वाहन कायद्याच्या तरतुदींत बसते असा दाखला घ्यावा लागतो. हे काम सर्वांत शेवटी सुचते, आणि ते सर्वांत आधी करायला हवे. स्कूटर इटलीत असतानाच तिचे युरोपीय अनुरूपता प्रमाणपत्र (वाहन युरोपीय मान्यतेप्रमाणे बनले आहे असा निर्मात्याचा दाखला) एआरएआयला पाठवून, हे एकच वाहन तपासता येईल का, कोणत्या चाचण्या लागतील, शुल्क किती आणि त्यांत वाहनाची काही मोडतोड होईल का, हे लेखी विचारावे. युरो ५ ची स्कूटर म्हणजे आपोआप बीएस ६ ची स्कूटर, असे समजू नये. युरोपचे आणि भारताचे ही दोन्ही उत्सर्जन मानके जवळची आहेत, पण कागदावर बीएस ६ हे शब्द कुणीतरी अधिकृतपणे लिहून द्यावे लागतात. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, ते जीटीएसला असते. नियम १२३ प्रमाणे मागच्या प्रवाशासाठी धरायची मूठ, पाय ठेवायचा फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते, असावे लागते. व्हेस्पाच्या पत्र्याचा आकार मागचे चाक बऱ्यापैकी झाकतो, तरी तपासणीपूर्वी हा मुद्दा निरीक्षकाशी बोलून घ्यावा.

यानंतरचे आरटीओचे काम, आधीचे सगळे नीट झाले असेल तर, लोक घाबरतात तेवढे कठीण नाही. आपण राहता त्या हद्दीचे कार्यालय लागते: पुणे शहरासाठी संगम पुलाजवळचे एमएच १२, पिंपरी-चिंचवडसाठी एमएच १४. नमुना २० मधला अर्ज, त्यावर चासी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट, विमा, पत्त्याचा पुरावा, चाचणी संस्थेचा दाखला, आणि नियम ४७ प्रमाणे सीमाशुल्काचा सुटकेचा दाखला, सोबत परवाना व हमीपत्र असल्यास तेही, असे हे कागद आहेत. इटलीतली नोंदणी निर्यातीसाठी रद्द केल्याचा दाखला आणि मूळ नोंदणीपत्र यांचे अधिकृत भाषांतर करून सोबत ठेवावे. आयात दुचाकीची नोंदणी फी २,५०० रुपये आहे, देशी दुचाकीची ३०० रुपये. महाराष्ट्राचा एकरकमी कर देशी दुचाकींना इंजिनच्या क्षमतेप्रमाणे १०, ११ व १२ टक्के आहे. आयात वाहनाला त्याहून चढा दर लागतो आणि तो सीमाशुल्क धरून येणाऱ्या किमतीवर आकारला जातो, म्हणून करविभागाकडून आकारणी लेखी घेऊनच रक्कम भरावी.

दोन बारीक अडचणी इथे हमखास येतात. पहिली संगणकाची. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलची माहिती ‘वाहन’ प्रणालीत निर्मात्याने आधीच भरलेली असते. आपल्या स्कूटरची ती नसते, त्यामुळे सगळा तपशील हाताने भरून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. वजन, दोन चाकांमधले अंतर (व्हीलबेस), टायरचे माप, आसनसंख्या, इंधन, उत्सर्जन मानक हे सगळे एका कागदावर, निर्मात्याच्या दस्तऐवजाच्या आधारासह, तयार ठेवले तर निरीक्षकाचे काम सोपे होते आणि आपले हेलपाटे वाचतात. दुसरी अडचण नंबर प्लेटची आहे. आपल्याकडे दुचाकीला पुढे २८५ गुणिले ४५ आणि मागे २०० गुणिले १०० मिलिमीटरची उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. इटलीत स्कूटरला पुढची प्लेट नसतेच, त्यामुळे ती बसवायला जागा केलेली नसते. पुढच्या पत्र्याला भोके पाडण्यापूर्वी एक पक्का ब्रॅकेट बनवून घ्यावा. प्लेट चिकटवून भागत नाही, कारण ती विशिष्ट कुलपानेच बसवली जाते.

लॅम्ब्रेटाचा विचार पूर्ण वेगळा आहे. तीन वर्षांची अट तिला कधीच पूर्ण करता येणार नाही, पण पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकींसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे स्वतंत्र नियम आले आणि त्यांत आयात वाहनांचाही समावेश आहे. आयात धोरणात पूर्वी १९५० पूर्वीच्या वाहनांचीच सोय होती, तिथेही २०२५ पासून ५० वर्षांची सरकती मर्यादा आली. १९६८ ची स्कूटर या दोन्हींत बसते. नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती १० वर्षांसाठी असते, नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अर्जासोबत विमा, बिल ऑफ एंट्री आणि जुने नोंदणीपत्र लागते. वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत, ही अट फार महत्त्वाची आहे. इंग्लंड-इटलीतल्या अनेक लॅम्ब्रेटांना हौसेने मोठ्या क्षमतेचे सिलिंडर आणि डिस्क ब्रेक बसवलेले असतात. त्या दिसायला देखण्या असल्या तरी इथे अडचणीच्या ठरतात. शिवाय लॅम्ब्रेटा बनवणाऱ्या इनोचेंती कंपनीने मिलानमधले उत्पादन थांबवल्यावर यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे आली आणि तिथे बनलेल्या लॅम्ब्रेटा युरोपात निर्यातही झाल्या. त्यामुळे ‘इटालियन’ म्हणून विकली जाणारी स्कूटर किंवा तिचे इंजिन प्रत्यक्षात भारतीय असू शकते. चासी व इंजिन क्रमांकाचे उपसर्ग इटलीतल्या एखाद्या जुन्या लॅम्ब्रेटा क्लबकडून तपासून घेतल्याशिवाय घरमालकांना इसार देऊ नये.

या नोंदणीवर स्कूटर प्रदर्शनात, रॅलीत, तांत्रिक संशोधनासाठी, आणि इंधन भरण्यासाठी किंवा देखभालीसाठी नेता येते. रोजचा वापर आणि व्यावसायिक वापर यांना मनाई आहे. बंधूंना जुन्या यंत्रांची मनापासून आवड असेल आणि रविवारी सकाळी मेळाव्याला नेण्यापुरतीच स्कूटर हवी असेल, तर मी लॅम्ब्रेटाच्या बाजूने मत देईन, कारण पन्नास वर्षे टिकलेले मूळ वाहन नीट कागदांसह इथे येणे ही चांगलीच गोष्ट आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाण्यासाठी स्कूटर हवी असेल, तर दोन्ही विचार सोडून बारामतीची व्हेस्पा घ्यावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. जीटीएसबद्दल माझे मत असे, की उत्पादनाची तारीख, डीजीएफटीचे उत्तर आणि एआरएआयचे उत्तर ही तिन्ही आपल्या बाजूने आली आणि बंधूंचा त्या स्कूटरवर खरोखर जीव असेल, तरच ती आणावी. यांतले एकही प्रतिकूल असेल तर ती मिलानमध्ये विकून यावे.

कार्ने या दस्तऐवजावर शुल्क न भरता स्कूटर आणता येते असे आपण शेवटी लिहिले आहे. ती सोय परदेशी नोंदणीवर भारतात फिरायला येणाऱ्या प्रवाशासाठी आहे. वाहन ठरलेल्या मुदतीत परत बाहेर न्यावे लागते आणि त्यावर इथली नोंदणी मिळत नाही. कायमचे परतणाऱ्या बंधूंना तिचा उपयोग नाही. त्यांना या आठवड्यात करण्यासारखे काम म्हणजे चासीवर कोरलेल्या क्रमांकाचा, निर्मात्याच्या पट्टीचा आणि हेडलॅम्पच्या काचेचा स्वच्छ फोटो, खरेदीची पावती, इटलीतले नोंदणीपत्र आणि अनुरूपता प्रमाणपत्र यांच्या प्रती आपल्याकडे पाठवणे, आणि पियाजिओकडे उत्पादनाच्या तारखेचे पत्र मागणे. ते पत्र आले, की डीजीएफटी आणि एआरएआय यांना द्यायचे दोन्ही अर्ज एकाच दिवशी देता येतील.